कांदळवन, खाजण आणि खाडीच्या चिखलातला कार्बन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीकाठच्या फेऱ्यांना येणारी मंडळी, महाविद्यालयांतले विद्यार्थी, रायगडमधले खारजमीन कसणारे शेतकरी आणि लागवडीसाठी जागा शोधणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे ठेवले आहे आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणे मुख्यतः ठाण्याची खाडी, रायगडचा किनारा आणि गोवा येथली आहेत.

१. खारफुटी, कांदळवन, तिवर, खाजण, पाणथळ जागा ही सगळी एकाच गोष्टीची नावे ना?

नाही, पण बोलताना ती एकमेकांत मिसळतात. पाणथळ जागा हा सर्वांत मोठा शब्द आहे. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या कराराने तळी, दलदली, नदीकाठचे पूरमैदान, भातखाचरे आणि ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्राचा भाग, अशा सगळ्यांना त्यात धरले आहे. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि २०२२ पासून ठाण्याची खाडी ही रामसर स्थळे आहेत.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाझुडपांना खारफुटी म्हणतात आणि त्यांच्या दाट वस्तीला कांदळवन. तिवर, कांदळ, चिप्पी ही त्यातल्या झाडांची नावे. मुंबई-ठाण्याकडे तिवर इतकी बहुसंख्य आहे, की लोक सगळ्यालाच 'तिवराचे जंगल' म्हणतात. खाजण म्हणजे भरतीचे पाणी येते ती सखल जमीन. तिच्यावर झाडे असतील किंवा नसतील, आणि गोव्यात तर खाजण म्हटले की बांध घालून कसलेली शेतजमीनच डोळ्यांसमोर येते (प्रश्न १२). कांदळवनाच्या पुढे पाण्याच्या बाजूला उघडा चिखलपट्टा असतो. मागे जमिनीच्या बाजूला, जिथे फक्त उधाणाचे पाणी पोचते तिथे, मोरस आणि तिच्यासारख्या मांसल पानांच्या बुटक्या वनस्पतींचे खारट माळ असतात. थंड प्रदेशांतल्या किनाऱ्यांवर हे खारे गवताळ माळच मुख्य असतात. आपल्याकडे मात्र त्यांची पट्टी अरुंद असल्याने ती मोकळी, निरुपयोगी जागा समजून सर्वांत आधी भरावाखाली जाते.

२. खाऱ्या पाण्यात ही झाडे जगतात कशी?

सकाळच्या उन्हात तिवराचे एक पान तोडून त्याच्या दोन्ही बाजू निरखून पाहाव्यात आणि जिभेच्या टोकाला लावून बघावे. मिठाचे बारीक कण डोळ्यांना दिसतात आणि चवीला लागतात. मुळांनी बरेचसे मीठ बाहेरच अडवलेले असते. त्यातून जे आत आले, ते तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कांदळ मुळांपाशीच मीठ अडवण्यात अधिक पटाईत आहे, त्यामुळे त्याचे पान खारट लागत नाही.

दुसरी अडचण हवेची. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तिवर आणि चिप्पी यांची श्वसनमुळे चिखलातून वर येतात. तिवराची पेन्सिलीएवढी बारीक असतात, चिप्पीची जाड आणि टोकाकडे निमुळती. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. श्वसनमुळांवर डेब्रिजचा किंवा गाळाचा जाड थर बसला, तर कुऱ्हाड न लावताही झाड गुदमरून मरते. हा मुद्दा प्रश्न १६ मध्ये पुन्हा येईल.

तिसरी गोष्ट म्हणजे बी. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हातभर लांबीची हिरवी शेंग लोंबताना दिसते, ती शेंग नसून रोपच असते. ते खाली पडते, पाण्यावर तरंगत जाते आणि योग्य जागी चिखलाला लागले की मूळ धरते. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले.

३. खाडीला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हे प्रदूषणच नाही का?

तो वास बहुतेक वेळा हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि निरोगी कांदळवनातही पाय चिखलात रुतला की तो येतोच. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून पाने आणि मुळे कुजवतात. त्या क्रियेत हा वायू तयार होतो. चिखलाचा काळा रंगही लोह आणि गंधक यांच्या संयुगांमुळे येतो. सांडपाण्याचा वास वेगळा असतो, आणि ठाण्याच्या खाडीत दुर्दैवाने दोन्ही एकत्र येतात. वासाला नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की ज्या कारणाने हा वास येतो त्याच कारणाने कार्बन चिखलात टिकून राहतो.

४. 'ब्लू कार्बन' म्हणजे काय? झाडे कार्बन शोषतात हे तर सगळ्याच जंगलांना लागू आहे.

समुद्रकाठच्या कांदळवनांत, खाऱ्या माळांत आणि समुद्री गवतांच्या कुरणांत साठलेल्या कार्बनला हे नाव आहे. फरक झाडांत फारसा नाही, जमिनीत आहे. सह्याद्रीतल्या जंगलात पडलेले पान बुरशी, वाळवी आणि जिवाणू यांच्या तावडीत सापडते आणि त्यातला बहुतेक कार्बन थोड्याच वर्षांत हवेत परततो. खाडीतले पान, आणि त्याहून जास्त म्हणजे मेलेली बारीक मुळे, प्राणवायूविना चिखलात अर्धवट कुजून पडून राहतात. शिवाय प्रत्येक भरती नवा गाळ आणून त्यावर पसरते. थरावर थर चढत राहतात आणि शेकडो वर्षांपूर्वीचा कार्बन खाली तसाच राहतो.

हिंद-प्रशांत महासागरी पट्ट्यातल्या २५ कांदळवनांचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला आणि त्यातला ४९ ते ९८ टक्के वाटा जमिनीखालचा होता. म्हणून कांदळवनाच्या कार्बनचा हिशेब झाडांची संख्या मोजून करू नये. 'दहा हजार रोपे लावली' या वाक्यात कार्बनबद्दल जवळजवळ काहीच माहिती नसते.

५. एक एकर कांदळवनात किती कार्बन असतो, ते सोप्या आकड्यांत सांगा.

हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २०१३ च्या पाणथळ जागांवरील मार्गदर्शिकेत वरच्या एक मीटर मातीसाठी जागतिक सरासरी आकडे दिले आहेत. कांदळवनासाठी हेक्टरी ३८६ टन कार्बन, भरतीच्या खाऱ्या माळांसाठी २५५ टन आणि समुद्री गवतासाठी १०८ टन. एका एकराला हिशेब केला तर कांदळवनाच्या मातीत सुमारे १५६ टन कार्बन भरतो. कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला ३.६७ ने गुणतात. म्हणजे एकरी जवळपास ५७० टन कार्बन डायऑक्साइड.

हा झाला साठा. दरवर्षी नव्याने पडणारी भर वेगळी. कांदळवनांसाठी ती चौरस मीटरला वर्षाकाठी सरासरी २२६ ग्रॅम कार्बन मानली जाते, म्हणजे एकरी वर्षाला साधारण सव्वातीन ते साडेतीन टन कार्बन डायऑक्साइड. साठा आणि भर या दोन आकड्यांची गल्लत करणारे अहवाल वारंवार पाहायला मिळतात. कोणी एकच मोठा आकडा सांगत असेल, तर तो वर्षाचा की आजवर साठलेला, हे आधी विचारावे. जागेनुसार दोन्हींत मोठा फरक पडतो. वाळूमिश्रित किनाऱ्यावरचा विरळ पट्टा आणि खाडीच्या पोटातला बारीक गाळ यांना एकच सरासरी लावू नये.

६. पाणथळ जागा मिथेन सोडतात असे वाचले आहे. मग त्या वाचवून तोटाच होणार नाही का?

गोड्या पाण्याच्या दलदली मिथेन सोडतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे, हे खरे. खाडीत चित्र बदलते ते क्षारतेमुळे. सल्फेट वापरणारे जिवाणू (प्रश्न ३) मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे खाद्य आधीच फस्त करतात. समुद्राच्या पाण्याची क्षारता हजारी ३५ भाग असते. ती हजारी १८ च्या वर असेल तर मिथेन नगण्य धरण्याचा प्रघात आहे.

अपवाद महत्त्वाचा आहे. बांध घालून भरतीचे पाणी अडवले आणि आत पावसाचे किंवा सांडपाण्याचे पाणी तुंबले, की क्षारता उतरते आणि तीच जागा मिथेन सोडू लागते. अशा जागी भरतीचे पाणी पुन्हा आत येऊ दिले, तर झाड न लावताही उत्सर्जन घटते. पावसाळ्यात आपल्या खाड्यांचे पाणी गोडसर होते, त्यामुळे वर्षातून एकदाच, मे महिन्यात क्षारता मोजून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

७. प्रकल्पासाठी कांदळवन तोडले आणि तेवढीच झाडे दुसरीकडे लावली, तर हिशेब बरोबर होतो ना?

झाडांचा होतो, कार्बनचा होत नाही. प्रश्न ५ मधले आकडे समोर ठेवा. एक एकर खोदून चिखल हवेवर आणला, तर शेकडो टनांचा साठा कुजायला मोकळा होतो. तो सगळाच्या सगळा बाहेर पडेल असे नाही, किती पडेल हे खोदकाम आणि निचरा यांवर ठरते. तरी त्या बदल्यात लावलेला एकर वर्षाला तीन-साडेतीन टनांनी भरत जाणार, तोही रोपे जगली तर. पूर्ण साठा भरून यायला दीडशेहून अधिक वर्षे लागतील.

दुसरी अडचण जागेची आहे. भरपाईसाठी दिलेली जागा कांदळवनाला योग्य असती, तर बहुधा तिथे आधीच कांदळवन असते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गात सुरुवातीला ५३ हजारांहून अधिक खारफुटी जाणार होत्या. आराखडा बदलल्यावर तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्याला परवानगी दिली. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखी गोष्ट भरपाईच्या लागवडीत नाही, आराखडा बदलून ३० हजारांहून जास्त झाडे वाचू शकली यात आहे.

८. आमच्या संस्थेला कांदळवनाची लागवड करायची आहे. रोपे कुठे मिळतील?

हा सर्वाधिक येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विचारणाऱ्याला बहुधा आवडत नाही. रोपांचा विचार सर्वांत शेवटी करावा.

आधी त्या जागी झाडे का नाहीत, याचे कारण शोधावे लागते. कांदळाचे रोप पाण्यावरून स्वतः प्रवास करते आणि तिवराची फळे पावसाळ्यात शेकड्यांनी वाहत येतात. आसपास मोठी झाडे असूनही एखादी जागा वर्षानुवर्षे उघडी राहत असेल, तर तिथे काहीतरी बिनसलेले आहे. बहुतेक वेळा ते पाणी असते. रस्त्याखालची मोरी बुजलेली असते, भरावाने नाळ, म्हणजे भरतीच्या पाण्याची अरुंद वाट, अडवलेली असते, किंवा जमीन हवी त्याहून हातभर उंच अथवा खोल असते. खारफुटी साधारणपणे मध्यम समुद्रपातळी आणि उधाणाच्या भरतीची रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात वाढते. महिन्याभराच्या एकूण वेळेपैकी सुमारे ३० टक्क्यांहून जास्त वेळ जी जागा पाण्याखाली असते, तिथे रोपे टिकत नाहीत. फ्लोरिडात रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने लागवडीऐवजी जमिनीची उंची आणि पाण्याच्या वाटा दुरुस्त करण्याची पद्धत बसवली. तिथे बी आपोआप आले आणि जंगल उभे राहिले.

आपल्या देशातले चांगले उदाहरण तमिळनाडूतल्या पिचावरमचे आहे. तिथे पूर्वीच्या सरसकट तोडीमुळे मोकळ्या पडलेल्या जमिनीचा मधला भाग खचून बशीसारखा झाला होता. पाणी आत यायचे, पण परत जायचे नाही. उन्हाने ते आटून मीठ इतके वाढायचे, की रोप तग धरत नसे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वन विभाग यांनी माशाच्या काट्यासारखे चर खणले, म्हणजे मध्ये एक मुख्य चर आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके उपचर. पाणी खेळू लागल्यावर मीठ उतरले आणि मग चरांच्या काठाने लागवड झाली.

उलट उदाहरणांची कमतरता नाही. फिलिपिन्समध्ये दोन दशकांच्या मोठ्या खर्चानंतर लावलेल्या रोपांपैकी जेमतेम १० ते २० टक्के जगल्याचे आढळले. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत ज्या २३ जागी लागवड झाली, त्यांपैकी ९ जागी एकही रोप उरले नाही. दोन्हीकडे मुख्य चूक सारखीच होती. खारफुटीला न मानवणाऱ्या खोल जागी, दिसायला मोकळी आहे आणि कोणाच्या मालकीचा वाद नाही म्हणून, रोपे लावली गेली.

तेव्हा पहिले एक-दोन पावसाळे फक्त पाण्याच्या वाटा मोकळ्या करून वाट पाहावी. नैसर्गिक रोपे आली नाहीत, तरच जवळच्या खाडीतल्या झाडांचे बी घेऊन, त्या पट्ट्यात जी जात वाढते तीच लावावी. हे सर्व वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीनेच करता येते. जागतिक पर्यावरण दिनाला, बसभर माणसे आणून, एका दुपारी दोन हजार रोपे रोवण्याचा कार्यक्रम मला कोणी सुचवला, तर त्याऐवजी त्याच माणसांनी एका मोरीतला कचरा काढावा असे मी सांगतो. त्याचे छायाचित्र तितके चांगले येत नाही, हे मान्य आहे.

९. कांदळवनापुढचा चिखलपट्टा रिकामाच आहे. तिथे लावायला काय हरकत आहे?

तो रिकामा नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात उभे राहून पाच मिनिटे हालचाल न करता पाहिले, तर बिळांतून खेकडे बाहेर येतात, निवट्या उड्या मारू लागतात आणि चिखलाच्या पृष्ठभागावरचा सोनेरी-तपकिरी पापुद्रा म्हणजे सूक्ष्म शैवाल आहे हे लक्षात येते. रोहित पक्षी (फ्लेमिंगो), तुतवार, चिखले हे सगळे याच पट्ट्यावर चरतात. लहान रोहित चोचीतल्या गाळणीने शैवाल गाळून खातो. त्या जागी झाडे उभी राहिली, तर त्याला पंख पसरून उतरायला आणि चरायला जागा उरत नाही. शिवाय प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या कारणाने रोपे बहुधा मरतातच, म्हणजे पक्ष्यांची जागाही जाते आणि जंगलही होत नाही.

१०. रोहित पक्षी दरवर्षी येतात, म्हणजे ठाण्याची खाडी निरोगी आहे असे समजायचे का?

असा थेट अर्थ काढू नये. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद शैवालाला खत ठरतात, आणि काही मर्यादेपर्यंत लहान रोहितांना त्याचा फायदाच होतो. त्याच पाण्यात माशांची विविधता मात्र घटते. २०१५ मध्ये खाडीचा १६.९ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त कांदळवन आणि उरलेला जलभाग आहे. पण उधाणाच्या भरतीला चिखलपट्टा पाण्याखाली जातो तेव्हा पक्षी अभयारण्याबाहेरच्या उथळ तळ्यांत विसाव्याला जातात, आणि ती तळी सुटी, असुरक्षित आहेत. नेरूळजवळच्या अशा एका तळ्यात भरतीचे पाणी यायची वाट अडल्यावर २०२४ च्या उन्हाळ्यात रोहित पक्षी मेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. खाडीचा विचार करताना भरतीच्या वेळी पक्षी कुठे असतात, हेही नकाशावर मांडावे लागते.

११. बांध फुटून आमच्या भातशेतीत खारे पाणी शिरले आणि आता तिवर माजली आहे. जमीन आमची राहिली की वनखात्याची झाली?

पेण, अलिबाग या तालुक्यांतून हा प्रश्न सतत येतो, आणि त्यात शेतकऱ्याची तक्रार बहुतेक वेळा रास्त असते. पार्श्वभूमी अशी, की या भागात खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून, त्यांत उघाडी बसवून, आत भात आणि तलावांत जिताडा घेण्याची जुनी रीत आहे. ओहोटीला उघाडीची फळी उचलली जाते आणि आतले पाणी बाहेर पडते. भरतीला पाण्याच्याच दाबाने ती बंद राहते. १९७९ च्या खारजमीन विकास कायद्याने अनेक बांधांची देखभाल शासनाकडे आली. ती वेळेवर झाली नाही की एखाद्या उधाणाला खांड पडते, दोन-तीन वर्षे पीक जाते आणि मोकळ्या शेतात तिवर उगवते.

केवळ झाडे उगवली म्हणून सातबाऱ्यावरची मालकी जात नाही. मात्र झाडांना मिळणारे संरक्षण मालकी पाहून ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाप्रमाणे खासगी जमिनीवरील कांदळवनही किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने १९९१ पूर्वीचे बांध आणि उघाड्या यांच्याबाबत भरतीरेषा, जिच्यापासून या नियमांचे अंतर मोजतात, बांधापाशीच थांबवण्याची सोय केली, पण खारे पाणी शिरून बांधाच्या आत जे कांदळवन वाढले, ते त्याच सोयीतून वगळून संरक्षितच ठेवले. त्यामुळे 'आधी शेत होते' हा मुद्दा एकट्याने तोड करण्याची मुभा देत नाही, आणि रातोरात जेसीबी लावणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात.

व्यवहारात वेळ हाच सगळ्यात मोठा बचाव आहे. खांड पडल्याबरोबर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, खारभूमी विभागाला लेखी कळवून पोच ठेवावी, पिकाची आणि बांधाची तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि झाडे येण्यापूर्वी बांध दुरुस्त करून घ्यावा. एकदा झाडे मोठी झाली की प्रश्न शेतीचा राहत नाही. ज्या शेतकऱ्याने स्वतः काहीही चूक केलेली नाही त्याच्यावर संरक्षणाचा सगळा भार टाकणारी ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, पण कायदा आज असा आहे.

१२. गोव्यातली खाजणे ही शेती की पाणथळ जागा? तिथले बांध पाडून कांदळवन वाढू द्यावे का?

दोन्ही. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजण जमीन आहे. मांडवी, झुआरी यांच्या काठांवर शेकडो वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बांध घातले, पाणी आत-बाहेर सोडायला मानस, म्हणजे झडपेचा दरवाजा, बसवली आणि आत पोय, म्हणजे पाणी आणि मासे राहतील असे तळे, ठेवली. पावसाळ्यात खारे पाणी पेलणाऱ्या कोरगुटसारख्या जातींचे भात आणि पीक निघाल्यावर मासे, असा क्रम असे. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळवन मुद्दाम राखले जाई, कारण लाटांचा मारा तेच झेलते.

म्हणून 'बांध की कांदळवन' अशी निवड खाजणात सहसा करावी लागत नाही. खरा धोका तिसराच आहे. मानस मोडते, शेत पडीक राहते आणि मग ती जागा भरावासाठी योग्य ठरवली जाते. आणखी एक अडचण मातीची. खाजणाच्या खालच्या थरांत लोह-गंधकाची संयुगे असतात. पाणी पूर्ण काढून माती वाळवली, की त्यांपासून गंधकाम्ल तयार होते, माती आंबते आणि पाण्यातले मासे मरतात. खाजण ओले ठेवावे लागते, हे जुन्या गावकऱ्यांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खाजणांचा स्वतंत्र उल्लेख असून तिथे बांधकामाला मनाई केली होती.

१३. मिठागरे आणि गावतळी यांना पाणथळ जागांचे नियम लागू होतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि इथेच अनेकांची फसगत होते. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून नदीपात्रे, भातशेती, तसेच पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, करमणूक आणि मीठ उत्पादन यांसाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे रामसर कराराच्या व्याख्येत (प्रश्न १) बसणारी जागा भारतीय नियमांत बसेलच असे नाही. किनारा नियमन क्षेत्रात किंवा वनजमिनीवर येणाऱ्या पाणथळ जागाही या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत, कारण त्यांना त्यांचे स्वतंत्र कायदे लागू आहेत. तक्रार लिहिताना योग्य कायद्याचा आधार घेतला नाही, तर अर्ज फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

१४. कांदळवनापासून ५० मीटर सोडायचे, हा नियम सगळीकडे सारखा आहे का?

महाराष्ट्रात उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशात आणि पुढे २०१८ च्या निकालात कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा बांधकाममुक्त ठेवण्यास सांगितले. २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेत मात्र हा पट्टा कांदळवनाचे क्षेत्र १,००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तरच लागतो. हा फरक हेरून कांदळवनाचे तुकडे लहान दाखवण्याचा मोह होतो, म्हणून नकाशा कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या प्रमाणाचा, हे तपासून पाहावे.

१५. अहवालांत तर कांदळवन वाढल्याचे दिसते. मग ओरड कशासाठी?

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात देशात ४,९९२ चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले आहे. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि सरकारी जमिनीवरची कांदळवने राखीव वने म्हणून जाहीर होत गेली, त्याचा उपयोग झाला हे निश्चित. पण वाढीचा एक भाग वेगळ्या कारणाने आहे. ठाण्याच्या खाडीत पूल, भराव आणि गाळ यांमुळे प्रवाह मंदावला, चिखलपट्टे उंचावले आणि त्यांवर तिवर चढली. कोळी बांधव म्हणतात की खाडी अरुंद झाली, होडी पूर्वीच्या नाळीतून जात नाही, आणि ते खरे आहे. उपग्रहाच्या चित्रात ही हिरवी भर दिसते. चिखलपट्टा गेल्याची नोंद त्याच तक्त्यात नसते.

१६. झाडे उभीच आहेत, पण वाळलेली. कोणी तोडल्याचा पुरावा नाही. तक्रार कशी करायची?

तोडीपेक्षा हा प्रकार आता अधिक आढळतो. पाण्याची वाट बुजवली किंवा मुळांवर राडारोडा टाकला, की काही महिन्यांत झाडे जागच्या जागी मरतात. अशा वेळी झाडांचे छायाचित्र पुरेसे नाही, पाणी अडल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी उधाणाच्या दिवशी भरतीच्या ऐन वेळी जावे आणि अडथळ्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी एकाच चौकटीत टिपावे. बाहेर पाणी चढलेले आणि आत कोरडे, हे एक चित्र पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगते. छायाचित्राबरोबर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश द्यावेत. तक्रार कांदळवन कक्ष आणि जिल्हाधिकारी कार्यालय या दोन्हीकडे द्यावी आणि पोच घ्यावी.

भरतीची वेळ तक्त्यावरून मिळते. तक्ता हाताशी नसेल, तर मुंबईच्या आसपास कोळ्यांचा हिशेब चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास.

१७. कांदळवनाचे कार्बन क्रेडिट विकून गावाला पैसे मिळतील का?

मिळू शकतात, पण दलाल सांगतात तितके आणि तितक्या लवकर नाही. आधीच संरक्षित असलेले जंगल 'राखले' म्हणून क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या किंवा वाचवलेल्या कार्बनचे विकता येणारे प्रमाणपत्र, मिळणे अवघड असते, कारण प्रकल्प नसता तर ते नष्ट झाले असते हे सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात न्यायालयाच्या आदेशाने तोड बंद असताना हा युक्तिवाद टिकणे कठीण आहे. पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पांना वाव जास्त आहे, पण त्यासाठी मातीचे नमुने खोलवर घेणे, क्षारता मोजणे आणि पुढची अनेक वर्षे देखरेख ठेवणे हा खर्च आधी येतो. जमीन वन विभागाची असेल, तर क्रेडिटवर हक्क कोणाचा, हे करारात आधीच स्पष्ट व्हायला हवे. ग्रामसभेने सही करण्यापूर्वी करार मराठीत मागावा.

तोवर हातात येणारे उत्पन्न खाडीतूनच येते. राज्याच्या कांदळवन उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवे आणि शिंपले यांची शेती, निसर्ग पर्यटन यांना साहाय्य मिळते. केंद्राच्या मिष्टी योजनेचा, जी जून २०२३ मध्ये सुरू झाली आणि जिचे लक्ष्य सुमारे ५४० चौरस किलोमीटर आहे, पैसा मुख्यतः लागवडीसाठी आहे. तिथे प्रश्न ८ मधले उत्तर आधी वाचावे.

१८. कांदळवन असले की वादळ आणि पूर यांची भीती नाही, असे म्हणता येईल का?

असे म्हणू नये. शंभर मीटर रुंदीचे कांदळवन लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी घटवते, असे मोजमापांतून दिसले आहे. ओडिशातल्या १९९९ च्या महाचक्रीवादळात ज्या गावांपुढे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे मृत्यू कमी झाले. पण वादळात समुद्राची पातळीच उंचावते तेव्हा अरुंद पट्ट्याचा उपयोग थोडा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी कोणत्याही कांदळवनाने रोखले नसते, मात्र मिठी नदीच्या मुखाजवळची खाजणे शाबूत असती, तर भरती उतरेपर्यंत पाण्याला पसरायला जागा मिळाली असती.

१९. समुद्राची पातळी वाढल्यावर कांदळवन बुडेल का?

ते दोन रीतींनी तगू शकते. गाळ आणि मुळे यांच्या भरीने जमीन स्वतः वर उचलली जाते, आणि तेवढे पुरले नाही, तर कांदळवन पिढ्यागणिक जमिनीच्या बाजूला सरकते. पहिल्या रीतीसाठी नद्यांतून गाळ यावा लागतो, जो धरणांमागे अडतो. दुसरीसाठी मागे मोकळी जागा लागते. नवी मुंबईत कांदळवनाच्या पाठीला रस्ता आणि रस्त्याच्या पाठीला इमारती आहेत. तिथे सरकायला वाव नाही. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या खाड्यांत तो अजून आहे, आणि मागची जी खारट माळरानाची पट्टी प्रश्न १ मध्ये आली, तीच ही जागा होय. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा याच पट्टीचे गट क्रमांक काढून ठेवावेत.